काळीचे पाणी आणि उद्याचा हिशेब

सह्याद्रीच्या ज्या पट्ट्यात गोव्याच्या, बेळगावच्या आणि कारवारच्या सरहद्दी एकमेकींना भिडतात, त्या पट्ट्यात डिग्गी नावाच्या दुर्गम गावाजवळ काळी नदी उगम पावते, आणि घनदाट अरण्यांतून व खोल दऱ्यांतून सुमारे १८४ किलोमीटरांची वाट काढीत कारवारनजीक सदाशिवगडाच्या पायथ्याशी अरबी समुद्रास मिळते. तिच्या प्रवासाचा आरंभीचा भाग ज्या तालुक्यात घडतो त्यास आज आपण जोयडा म्हणतो. परंतु जुन्या दफ्तरांत हा तालुका सुपा या नावाने नोंदलेला आढळतो, कारण काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेला सुपा हा कसबा त्याचे मुख्य ठाणे होता. तो कसबा एका विशाल जलाशयाखाली गेला, मामलेदाराची कचेरी जोयड्यास आली, तालुक्याचे नावही पालटले. आणि त्या जलाशयातील पाणी कोणत्या महिन्यात किती सोडावे, हा प्रश्न कालांतराने बंगळूरच्या विद्वानांच्या संशोधनाचा विषय झाला. एका खोऱ्याचा इतिहास आणि एका शास्त्राचा इतिहास असे हे दोन भिन्न प्रवाह आहेत. ते जेथे एकत्र आले त्या ठिकाणाविषयी, आणि त्यांच्या भेटीत जे हिशेबात धरले गेले व जे धरले गेले नाही त्याविषयी, येथे लिहावयाचे आहे.

१७९९ साली टिपूचा पाडाव झाल्यावर कानडा मुलूख इंग्रजांच्या हाती आला आणि प्रथम मद्रास इलाख्यास जोडला गेला. १८६२ साली त्याचा उत्तर भाग, ज्यात सुपा येतो, मुंबई इलाख्यात घालण्यात आला, आणि १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे, सुप्याच्या रयतेच्या अर्जांचे व तंट्यांचे अखेरचे निकाल मुंबई सरकारच्या हुकमतीखाली होत राहिले. १८८० च्या दशकात मुरगावच्या बंदरापासून घाट चढून आलेली पोर्तुगीज मुलखातील लोहमार्गाची वाट याच तालुक्यातील कॅसलरॉक येथे ब्रिटिश हद्दीतील मार्गास मिळाली. सरकारास या डोंगराळ, विरळ वस्तीच्या आणि हिवतापाने ग्रासलेल्या मुलखाचे जे अगत्य वाटत होते, ते मुख्यत्वेकरून येथील सागवानामुळे. जहाजांना, पुलांना आणि लोहमार्गांना लाकूड हवे होते, आणि ते निरंतर मिळत राहावे म्हणून जंगल राखीव करून त्याचा कोणता कूप, म्हणजे तोडणीचा भाग, कोणत्या वर्षी तोडावयाचा याचे दीर्घ मुदतीचे आराखडे आखण्याची पद्धत जंगलखात्याने सुरू केली.

या आराखड्यांच्या मुळाशी जो प्रश्न होता तो नीट पाहिला पाहिजे, कारण पुढील सर्व कथेत तोच रूप बदलून पुनःपुन्हा भेटणार आहे. सागाचे झाड आज तोडले तर आज पैसा मिळतो. आणखी दहा वर्षे राखले तर लाकूड वाढते, परंतु तितकी वर्षे ती जमीन अडून राहते आणि पुढील रोपाचा आरंभ लांबणीवर पडतो. तेव्हा तोडणीचे योग्य वय कोणते? जर्मनीतील मार्टिन फाउस्टमान या वनशास्त्रज्ञाने १८४९ साली या प्रश्नास गणिताचे रूप दिले, आणि एका झाडाचा विचार न करता त्याच जमिनीवर एकामागून एक उगवणाऱ्या सर्व भावी पिढ्यांचे मोल आजच्या किमतीत कसे मोजावे, हे दाखवून दिले. आज खर्चावे किती आणि उद्यासाठी राखावे किती, या प्रश्नाचा काटेकोर विचार असा अरण्याच्या संदर्भात झाला.

परंतु त्याच अरण्यात दुसराही एक हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. डोंगरउतारावरील झाडोरा तोडावयाचा, तो वाळवून जाळावयाचा, त्या राखेत नाचणी पेरावयाची, आणि दोन-तीन पिके निघाल्यावर ती जागा सोडून देऊन दुसरीकडे जावयाचे, म्हणजे पहिल्या जागेवर पुन्हा रान माजेल, या पद्धतीस कुमरी म्हणत. येथील कुणबी आणि इतर डोंगरी लोक तिच्यावर जगत. जमिनीस विश्रांती किती वर्षे द्यावी, हाही आज आणि उद्या यांच्यामधील तोलच होता. मात्र तो कोणत्याही आराखड्यात लिहिलेला नव्हता. जंगलखात्याच्या दृष्टीने कुमरी ही केवळ नासधूस ठरली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्यावर एकामागून एक निर्बंध आले, आणि ज्यांचा हिशेब कागदावर नव्हता त्यांची वहिवाटही कागदावरून पुसली गेली. सागवानाचे गणित चुकीचे होते असे नव्हे. ते ज्या राशीचे गणित होते त्या राशीत नाचणी खाणारा मनुष्य मोजलेला नव्हता, इतकेच.

स्वातंत्र्यानंतर या खोऱ्याकडे पाहण्याची दृष्टी सागवानावरून पाण्याकडे वळली. घाटमाथ्यावर नैर्ऋत्य मोसमी वारे आपला भार रिता करतात. कॅसलरॉकला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेस हल्याळकडे जाता जाता तो झपाट्याने ओसरतो. इतके पाणी, आणि समुद्रसपाटीपर्यंत उतरण्यास मिळालेली इतकी उंची, हा संयोग विद्युत अभियंत्याच्या दृष्टीने दुर्मिळ होय. १९७० साली स्थापन झालेल्या, पुढे कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशन या नावाने ओळखल्या गेलेल्या सरकारी महामंडळाने काळी खोऱ्यातील योजना हाती घेतली. गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८० च्या दशकात पूर्णत्वास गेले. त्याच्या पायथ्याशी १०० मेगावॉटचे वीजगृह झाले. खाली बोम्मनहळ्ळी व तट्टीहळ्ळा येथील जलाशयांतून पाणी घेऊन अंबिकानगराजवळील नागझरी वीजगृहाचे सहा संच फिरू लागले. आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणखी खालच्या टप्प्यावर कोडसळ्ळी व कद्रा ही धरणे कामास लागली. मराठी वाचकास या जलाशयाच्या आकाराची कल्पना यावी म्हणून इतके सांगितले म्हणजे पुरे, की कोयनेचे धरण उंचीने सुप्याच्या बरोबरीचे असूनही त्याच्या शिवसागरात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते, आणि सुप्याच्या जलाशयात सुमारे १४७ अब्ज घनफूट.

या पाण्याखाली सुपा कसबा गेला, आणि त्याच्यासह आसपासची अनेक खेडी, त्यांची भातशेते, देवळे, बाजाराची जागा आणि रस्ते गेले. विस्थापितांपैकी अनेकांची वसाहत याच तालुक्यात रामनगर येथे करण्यात आली. नुकसानभरपाई जमिनीच्या क्षेत्रावर आणि घराच्या मोजमापावर ठरते. खातेदार नसलेल्या कुळाची, रानातून मध, शिकेकाई व कंदमुळे आणून गुजराण करणाऱ्या कुटुंबाची, किंवा आठवड्याच्या बाजारावर जगणाऱ्या कारागिराची हानी मोजण्यास कोणत्याही पत्रकात रकाना नसतो. देशातील बहुतेक सर्व मोठ्या धरणांचा हा अनुभव आहे, आणि सुपा त्यास अपवाद नाही.

आता जलाशय भरला म्हणजे काम संपले, असे नाही. खरे पाहता तेथूनच एक न संपणारा विचार सुरू होतो. काळीला पाणी येते ते मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि विजेची मागणी असते बाराही महिने. पेरणीपूर्वी कणगीत हात घालणाऱ्या गृहिणीस जो विवेक करावा लागतो तोच येथेही करावा लागतो. मात्र गृहिणीस पुढील हंगाम निदान एका वर्षाच्या अंतरावर दिसत असतो, आणि सुप्याचा जलाशय इतका विस्तीर्ण आहे की तो काठोकाठ क्वचितच भरतो, त्यामुळे चांगल्या वर्षाचे पाणी वाईट वर्षासाठी राखून ठेवणे हेही त्याचे काम होऊन बसते. शिवाय जलविद्युतेत पाण्याच्या परिमाणाइतकेच त्याच्या उंचीचे महत्त्व असते: तलाव भरलेला असताना सोडलेले घनफूट तलाव खाली गेलेला असताना सोडलेल्या घनफुटापेक्षा अधिक वीज देते. म्हणजे हात आखडता घ्यावा तर आजची मागणी भागत नाही, सैल सोडावा तर उद्याचे पाणीही जाते आणि उरलेल्या पाण्याची शक्तीही घटते, आणि अतिशय जपून ठेवावे तर एखाद्या मुसळधार वर्षी तेच पाणी सांडव्यावरून वीज न देता वाहून जाते.

हा प्रश्न गणिताच्या कक्षेत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. पिएर मासे हे विद्युत अभियंते पुढे त्या देशाच्या नियोजन आयोगाचे प्रमुख झाले. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या द्विखंडात्मक ग्रंथात त्यांनी साठ्याचे भवितव्य अनिश्चित असता त्याचे नियमन कसे करावे, याचा मूलभूत विचार मांडला. दुसरा प्रयत्न अमेरिकेत झाला, आणि तो एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या रूपाने. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक फिलिप मोर्स यांच्या मार्गदर्शनाखाली जॉन लिटल या तरुणाने १९५५ साली पीएच.डी.साठी जो विषय घेतला, तो होता जलविद्युत व्यवस्थेतील साठविलेल्या पाण्याचा विनियोग. कोलंबिया नदीवरील ग्रँड कूली धरण हे त्याचे उदाहरण होते, आणि त्या संस्थेतील व्हर्लविंड या आरंभीच्या संगणकावर त्याने आपली आकडेमोड केली. मर्यादित साधनांविषयीचे निर्णय गणिताने घेण्याच्या परिचालन संशोधन या नवजात शास्त्रातील हा जगातील पहिला डॉक्टरेटचा प्रबंध मानला जातो. ज्या शास्त्रात आज सहस्रावधी विद्यार्थी पदवीसाठी झटत आहेत, त्या शास्त्रातील प्रबंधलेखनाची परंपराच मुळी धरणाच्या पाण्यापासून सुरू झाली, ही गोष्ट जोयड्याच्या वाचकाने विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्याच काळात रिचर्ड बेलमन हे गणितज्ञ या विचारास सर्वसामान्य सिद्धान्ताचे रूप देत होते, आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने डायनॅमिक प्रोग्रॅमिंग हे नाव सर्वत्र रूढ झाले. त्याचे मर्म एका लहानशा उदाहरणाने सहज कळते. समजा, मार्चअखेर तलावात दोन मापे पाणी आहे. एप्रिल व मे या दोन्ही महिन्यांत प्रत्येकी दोन मापांची मागणी आहे, आणि जूनपर्यंत नवे पाणी येणार नाही. तुटीचा त्रास तुटीच्या वर्गाने मोजावयाचा असे ठरवू. आता विचार मे महिन्यापासून, म्हणजे शेवटाकडून, सुरू करावयाचा. मेच्या आरंभी तलाव रिता असेल तर तूट दोन मापांची आणि त्रास चार. एक माप असेल तर त्रास एक. दोन असतील तर शून्य. हे तीन आकडे टिपून ठेवून मग एप्रिलकडे यावयाचे. एप्रिलमध्ये दोन्ही मापे सोडली तर त्या महिन्याचा त्रास शून्य, पण मेचा चार, एकूण चार. काहीच न सोडले तरी एकूण चारच. आणि एक माप सोडले तर एप्रिलचा एक व मेचा एक मिळून दोन. तेव्हा एक माप सोडणे हाच उत्तम निर्णय. उद्याचे सर्व संभाव्य परिणाम आधी एका कोष्टकात मांडून ठेवावे, म्हणजे आजचा निर्णय घेताना आजच्या त्रासात त्या कोष्टकातील एक आकडा मिळविला की पुरते. सबंध भविष्याची उजळणी पुन्हा करावी लागत नाही.

या युक्तीचे बळ मोठ्या हिशेबात दिसून येते. तलावाच्या साठ्याचे दहा टप्पे कल्पिले आणि दर महिन्यास दहा पर्याय धरले, तर बारा महिन्यांचे सर्व क्रम तपासू जाता एक लाख कोटी क्रम तपासावे लागतील. उलट्या दिशेने कोष्टके मांडीत गेल्यास बाराशे तुलनांत काम भागते. पाणी ही वस्तुतः अखंड वाहणारी वस्तू, परंतु तिचे असे मोजके टप्पे केल्यावाचून यंत्रास तिचा विचार करता येत नाही, आणि येथेच जलविज्ञान विविक्त इष्टतमीकरणाच्या, म्हणजे मोजक्या सुट्या पर्यायांतून सर्वोत्तम पर्याय शोधण्याच्या, शास्त्रास येऊन मिळते. तथापि या युक्तीलाही मर्यादा आहे. साठ्याचे दहा टप्पे, पावसाच्या आवकेचे पाच, आणि महिने बारा, म्हणजे सहाशे अवस्था. त्यात पुढील महिन्याच्या अंदाजाचे पाच टप्पे मिळविले की तीन हजार. दुसऱ्या जलाशयाचे दहा टप्पे मिळविले की तीस हजार. आणि काळीवरील पाचही जलाशय याच रीतीने धरले तर तीन कोटी. प्रत्येक नवी राशी हिशेबास अनेक पटींनी फुगविते. बेलमन यांनी या आपत्तीस मितींचा शाप म्हटले होते, आणि गेली सत्तर वर्षे या विषयात प्रबंध लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांनी आपली उमेदीची वर्षे या शापावर उतारा शोधण्यात घालविली आहेत.

भारतात १९५७ साली परिचालन संशोधनाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि पुढील दशकांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील स्थापत्य विभागात जलसंपत्तीच्या गणिती नियोजनाची एक भक्कम परंपरा उभी राहिली. एस. वेदुला आणि प्रदीप मुजुमदार यांनी या विषयावर लिहिलेले पाठ्यपुस्तक आज अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांच्या हाती असते. मुजुमदार आणि बी. निर्मला यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात काळी प्रकल्पाचा पहिला टप्पा हेच उदाहरण घेतले. त्यांच्या प्रतिमानात प्रत्येक जलाशयातील महिन्याच्या आरंभीचा साठा, सबंध व्यवस्थेत त्या महिन्यात येणारी एकत्रित आवक, आणि पुढील महिन्याच्या आवकेचा अंदाज इतक्या राशींवरून सोडावयाचे पाणी ठरते. आवक जलाशयागणिक वेगळी न धरता एकत्रित का धरली, हे वरील हिशेबावरून उघड आहे: अन्यथा अवस्थांची संख्या आवाक्याबाहेर जाते. पाऊस अनिश्चित असतो, हे पूर्वीच्या संशोधकांनीही जमेस धरले होते. येथे पावसाविषयी वर्तविलेला अंदाजही अनिश्चित असतो, याचा विचार बेझच्या संभाव्यतेच्या नियमाने केला. अंदाज हाती येताच पूर्वीच्या अनुभवावरून बांधलेली संभाव्यता सुधारावयाची, परंतु अंदाज देणारा पूर्वी किती वेळा चुकला आहे तेही विसरावयाचे नाही, असा तो विवेक आहे.

या प्रतिमानाचे उद्दिष्ट असे: निर्माण झालेली वीज आणि जी देण्याचे वचन दिले आहे ती वीज यांतील अंतराच्या वर्गाचे अपेक्षित मूल्य किमान करणे. अंतराचा वर्ग घेण्यात मोठा अर्थ भरलेला आहे. एकाच महिन्यात वीस मापांची तूट आली तर तिचा वर्ग चारशे होतो. तीच तूट दोन महिन्यांत दहा-दहा अशी वाटली गेली तर दोन वर्गांची बेरीज दोनशेच होते. म्हणजे आपत्ती एका जागी कोसळण्यापेक्षा ती थोडी थोडी सर्वांनी सोसावी, असे एक नैतिक मत त्या लहानशा घातांकात सामावलेले आहे. गणिताचे सूत्र निर्विकार असते असा सर्वसाधारण समज आहे. परंतु उद्दिष्ट लिहिताना मनुष्य काय टाळू इच्छितो आणि कशास मोल देतो, हे त्या सूत्रावरून जितके स्पष्ट वाचता येते तितके कित्येक सरकारी ठरावांवरूनही येत नाही.

महिन्यांचा हिशेब झाला तरी तासांचा उरतोच. नागझरीच्या सहा संचांपैकी प्रत्येक संच एखाद्या तासास चालू ठेवावयाचा की बंद, असा निर्णय असतो. अर्धा चालू, अर्धा बंद असे काही नसते. एका तासाचे पर्याय चौसष्ट, आणि चोवीस तासांचे एकत्र क्रम लिहावयास बसले तर चव्वेचाळीस अंकी संख्या होते. संच वारंवार चालू-बंद केल्याने यंत्राची झीज होते, म्हणून प्रत्येक तासाचा निर्णय मागील तासाशी बांधलेला असतो. उलट कोष्टकांची रीत येथेही लावता येते, आणि तेवढ्यापुरता विचार केला तर एक लाखाच्या आतच तुलना पुरतात. परंतु दिवसभराचे पाणी मोजके आहे, खालचा जलाशय भरून वाहता कामा नये, वीजपुरवठ्याच्या जाळ्यातील इतर वीजगृहांचीही सांगड घातली पाहिजे, अशा अटी येऊ लागल्या की पुन्हा तोच शाप समोर येतो. अशा प्रश्नांसाठी शाखा पाडीत जाणारी आणि निरुपयोगी ठरलेल्या शाखा वेळीच छाटणारी रीत १९६० साली आयल्सा लँड आणि अ‍ॅलिसन डॉइग या दोन विदुषींनी दाखवून दिली. आणि १९६३ साली फिरत्या विक्रेत्याच्या, म्हणजे सर्व गावे एकेकदा फिरून परतण्याची सर्वांत आखूड वाट शोधण्याच्या, प्रश्नावर त्याच जातीची रीत योजून तिला आजचे प्रचलित नाव देणाऱ्या चौघांत, धरणावर प्रबंध लिहिणारे तेच जॉन लिटल होते आणि कट्टा मूर्ती हे भारतीय गणितज्ञही होते.

१९७१ साली स्टीफन कुक यांनी आणि १९७२ साली रिचर्ड कार्प यांनी, या दोन संगणकशास्त्रज्ञांनी, असे दाखवून दिले, की या जातीचे कित्येक प्रश्न मुळात एकमेकांइतकेच अवघड आहेत: एकासाठी सर्व प्रसंगी झटपट चालणारी रीत सापडली तर सर्वांसाठी सापडेल, आणि अशी रीत आहे की नाही याचा निर्णय अद्याप झालेला नाही. याच कार्प यांच्या हाताखाली बर्कलेस प्रबंध लिहिणारा एक विद्यार्थी मराठी घरातील होता. मुंबईच्या आयआयटीतून १९७८ साली पदवी घेतलेल्या नरेंद्र करमरकर यांनी विद्यार्थिदशेतच, १९८२ साली, ठराविक मापाच्या पेट्यांत वस्तू कमीत कमी पेट्या लागतील अशा बसविण्याच्या प्रश्नावर गुरूंसमवेत महत्त्वाचा निबंध लिहिला, आणि १९८४ साली रेखीय नियोजनाची, म्हणजे रेखीय अटींच्या मर्यादेत सर्वोत्तम उत्तर शोधण्याची, जी नवी रीत दिली तिने त्यांचे नाव जगभर झाले. जॉर्ज डान्टझिग यांची १९४७ सालची रीत उत्तराच्या शोधात त्या अटींनी आखलेल्या बहुतलकाच्या कडेकडेने जाते. करमरकरांची रीत त्याच्या अंतर्भागातून वाट काढते. संचांच्या चालू-बंद निर्णयांचे प्रश्न सोडविणाऱ्या आजच्या संगणकी प्रणालींत या दोन्ही परंपरा एकत्र नांदत आहेत.

अशा संशोधनाची रीतभात बाहेरून फारशी दिसत नाही. विद्यार्थी पहिली एक-दोन वर्षे इतरांचे काम वाचण्यात आणि आपला प्रश्न लहान करण्यात घालवितो. कारण सबंध खोऱ्याचा प्रश्न घेऊन बसणाऱ्याचे उत्तर सहसा येत नाही, आणि प्रश्न अतिशय लहान केला तर उत्तर येऊनही त्याचा कोणास उपयोग होत नाही. मग तो एखादी रीत योजतो, ती थांबेल हे सिद्ध करतो, तिचे उत्तर सर्वोत्तमापासून किती दूर राहू शकते याची मर्यादा बांधतो, जुन्या नोंदींवर ती चालवून पाहतो, आणि अखेरीस परीक्षकांपुढे प्रत्येक गृहीतकाचा जाब देतो. या शिस्तीचा सर्वांत मोठा गुण असा की तिच्यात काहीही गुपचूप गृहीत धरता येत नाही. उद्दिष्ट पहिल्या ओळीत लिहावे लागते आणि अटी त्याच्याखाली, एकेक करून. जी अट लिहिली नाही ती यंत्र पाळीत नाही, आणि जे मोल लिहिले नाही ते त्याच्या लेखी शून्य असते.

सुप्याच्या इतिहासाचा खरा धडा मला याच ठिकाणी दिसतो. सागवानाच्या आराखड्यात कुमरी नव्हती. धरणाच्या अंदाजपत्रकात बाजारावर जगणारा कारागीर नव्हता. आणि वीजनिर्मितीच्या प्रतिमानात वचन दिलेली वीज आहे, जलाशयाखालील गाव नाही. या तिसऱ्या गोष्टीचा दोष संशोधकांस देणे अन्यायाचे होईल, कारण धरण झाल्यावर पाणी कसे वापरावे हाच त्यांचा प्रश्न होता आणि तो त्यांनी प्रामाणिकपणे व स्पष्टपणे मांडला. १९६२ साली आर्थर मास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्ड विद्यापीठातून जलव्यवस्थांच्या आखणीवर जो प्रसिद्ध ग्रंथ काढला, त्यात स्टीफन मार्गलिन यांनी एकूण लाभाइतकाच त्या लाभाच्या वाटणीचाही विचार उद्दिष्टात करता येतो, हे लिहून ठेवले होते. तेव्हा शास्त्राची सोय नव्हती असे म्हणता येत नाही. ती राशी मांडावी म्हणून आग्रह धरणारे कोणी आखणीच्या टेबलापाशी नव्हते, हे त्याचे कारण.

आज काळीच्या खोऱ्यात अशा न मांडलेल्या राशी थोड्या नाहीत. गणेशगुडीच्या खाली पर्यटकांना नदीतून फिरविणाऱ्या तराफ्यांचा व्यवसाय सुप्याच्या वीजगृहातून पाणी केव्हा सुटते यावर अवलंबून आहे, आणि त्यावर अनेक स्थानिक तरुणांची रोजी चालते. २००७ साली व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झालेल्या आणि पुढे काळीचेच नाव मिळालेल्या अरण्यास नदीत बारमाही किमान प्रवाह हवा असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टीच्या दिवसांत कद्रा धरणातून मोठा विसर्ग करावा लागला आणि खालच्या गावांत पाणी शिरले. पुरासाठी तलावात रिती जागा राखणे आणि विजेसाठी तलाव भरलेला ठेवणे या दोन परस्परविरोधी गरजांचा तोल किती नाजूक असतो, हे त्या दिवसांनी दाखविले. यांपैकी प्रत्येक गोष्ट एक अट म्हणून किंवा उद्दिष्टातील एक पद म्हणून लिहिता येण्यासारखी आहे, आणि तशी लिहिली म्हणजे मितींचा शाप अधिक तीव्र होऊन नव्या रीतींची गरज निर्माण होते. म्हणजे या खोऱ्याला न्याय देणारा प्रश्न गणिताच्या दृष्टीनेही अधिक कठीण, आणि म्हणूनच संशोधनास अधिक योग्य, असा आहे.

पूर्वी जोयड्याच्या विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी धारवाड, बंगळूर किंवा मुंबई गाठावी लागे, आणि तेथे गेल्यावर आपले रान मागे टाकणे हीच प्रगती असे त्यास वाटावयास लावले जाई. २०१६ साली एकाच वर्षी धारवाड आणि गोवा या दोन्ही ठिकाणी आयआयटी सुरू झाल्या, आणि हा तालुका त्या दोहोंच्या मधोमध आहे. ज्या शास्त्राचा पहिला प्रबंध धरणाच्या पाण्यावर लिहिला गेला त्या शास्त्रात प्रवेश करू इच्छिणाऱ्या येथील मुलामुलींना दूरच्या नदीचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. कोष्टके मांडण्याची विद्या त्यांस कोणत्याही चांगल्या संस्थेत शिकता येईल. परंतु कोणता ओढा कोणत्या नक्षत्रात फुगतो, तलाव खाली गेल्यावर कोणाच्या विहिरीचे पाणी ओसरते, आणि विसर्गाची सूचना किती तास आधी मिळाली तर कद्र्याखालचे कुटुंब गुरे सोडून वर जाऊ शकते, हे ज्ञान पाठ्यपुस्तकात नाही. प्रबंधाच्या पहिल्या पृष्ठावर उद्दिष्ट आणि अटी लिहिण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो तो पुढील सर्व आकडेमोडीचे भवितव्य ठरवितो, आणि तो अधिकार हे खोरे जाणणाऱ्या माणसांनी अभ्यासाने संपादन करणे, हे सुप्याच्या इतिहासाने जोयड्यापुढे ठेवलेले कार्य आहे.